गळाची गाठ

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी जे विषय निघाले त्यांत देवळाच्या बांधणीचा इतिहास होता, शाळेचा वृत्तांत होता, आपल्या लग्नगीतांविषयीही एक विषय होता. आणि ते सारे आमच्याहून अधिक जाणत्या वक्त्यांनी आधीच पत्करले, हे योग्यच झाले. आमच्याकडे विचारणा झाली तेव्हा आम्ही एकच विषय मागितला: गळास दोरी कशी बांधावी. कार्यवाह क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. धर्मगुरूने व्यासपीठावर उभे राहून गाठी मारावयास शिकवावे हे त्यांस थोडे चमत्कारिक वाटले असावे. परंतु आमचे आजोबा कोळी, आमचे वडील कोळी, आणि सेमिनरीत पाऊल टाकण्यापूर्वी आमच्या बोटांस जी पहिली विद्या लागली ती हीच. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे असे आम्ही समजतो.

शिवाय विषयास शास्त्राधारही आहे. शुभवर्तमानांत मासेमारीचे प्रसंग पुष्कळ येतात. परंतु ते जाळ्याचे. गळाचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत मिळून एकदाच येतो, तो मत्तयाच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर देण्याची वेळ आली तेव्हा प्रभूने पेत्रास सरोवरावर जाऊन गळ टाकावयास सांगितले, आणि वर येणाऱ्या पहिल्या माशाच्या तोंडात जे नाणे सापडेल ते दोघांच्या करापोटी भरावयास सांगितले. पेत्राने त्या गळास कोणती गाठ मारली असेल याविषयी मत्तय मौन धरतो. तो जकातदार होता, कोळी नव्हता. नाण्याची नोंद त्याने केली, गाठीची केली नाही.

आपल्या किनाऱ्याचा मुख्य धंदा डोलीचा, हे आपणांपुढे सांगणे न लगे. बोंबील, जवळा, मांदेली ही डोलीची मिळकत. परंतु घोळ, वाम, शिंगाळा, दाढा असा मोठा मासा धरावयाचा तर अनेक ठिकाणी आजही गळ लागतो. एका लांब दोरास हातभर-दोन हातांचे शेकडो फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकास एक गळ, अशी ती रचना. तिकडे खडपावर किंवा खाडीच्या काठी बसून एकच गरी टाकणारे म्हातारे व शाळकरी पोरे, हा दुसरा वर्ग. दोघांचा हिशेब मात्र एकच. होडी, यंत्र, डिझेल, बर्फ, खलाशांचा रोज, सोसायटीचे कर्ज, हे सर्व एका बाजूस, आणि मासा दुसऱ्या बाजूस. आणि या दोहोंच्या मध्ये जी सर्वांत दुबळी जागा ती बोटाच्या पेराएवढी गाठ. घोळीचे मोल आज काय आहे हे आपण जाणताच. तिच्या पोटातील भोतासाठी परदेशचे व्यापारी हात धुऊन मागे लागलेले असतात. २०२१ साली पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळी आल्या व त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये झाले, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. ते जाळ्याचे दैव. गळावर अशी एकच घोळ आली आणि गाठ सुटली, तर त्या घरचे त्या महिन्याचे गणित समुद्रात जाते.

हा विषय आम्ही मागितला त्यास एक ताजे निमित्त घडले. मागील हंगामात आपल्याच धर्मग्रामातील एक बापलेक भांडत भांडत आमच्या दारी आले. नावे सांगण्याचे कारण नाही. ते दोघेही येथे बसलेले आहेत व त्यांची अनुमती आम्ही घेतली आहे. एका रात्रीत त्यांचे सतरा गळ गेले होते. बापाचे म्हणणे असे की, मुलाने शहरातून जी नवी दोरी आणली तीच नासकी. आमच्या हयातीत अशी दोरी पाहिली नाही. मुलाचे म्हणणे असे की, दोरी उत्तम आहे, परंतु गाठी बाबांनी मारल्या होत्या आणि त्यांच्या बोटांत आता जीव राहिलेला नाही. हे शेवटचे वाक्य तो रागाच्या भरात बोलला. ते ऐकून म्हातारा एकदम गप्प झाला, आणि ती शांतता आम्हांस भांडणाहून अधिक लागली. मुलगा तर होडी सोडून कारखान्यात नोकरी धरण्याच्या गोष्टी करीत होता.

आम्ही त्यांस एवढेच विचारले की, गळ गेलेले फाटे जवळ आहेत काय. होते; म्हाताऱ्याने ते फेकले नव्हते. जुना कोळी दोरीचा तुकडा सहसा फेकीत नाही. दुसऱ्या दिवशी ते सतरा फाटे एका पिशवीतून आले आणि आम्ही ते मेजावर ओळीने मांडले. आता हे ध्यानात घेण्याजोगे आहे, म्हणून थोडे सावकाश सांगतो. गळ गेल्यावर मागे राहिलेले दोरीचे टोक खोटे बोलत नाही. ते टोक डुकराच्या शेपटीसारखे वेटोळे घेऊन वळलेले असेल, तर गाठ तुटली नाही, ती सरकली व उकलली. दोरी गाठीतून ओढली जाताना तिला तो पीळ बसतो. टोक आखूड, सरळ, एकदम तुटल्यासारखे असेल, तर गाठीच्या तोंडाशीच दोरी तुटली. आणि टोक खरबरीत, सोललेले, पिंजल्यासारखे असेल, तर तेथे दगडाने किंवा दाताने काम केले. त्या सतरांपैकी अकरा टोके वेटोळी होती. चार सरळ तुटलेली होती. दोन पिंजलेली होती, आणि ती कोणी पिंजली हे वामेचे दात ज्याने पाहिले आहेत त्यास सांगावे लागत नाही.

म्हणजे बहुतेक गळ गाठ सरकल्याने गेले. मुलास वाटले, आपण जिंकलो. परंतु आम्ही म्हाताऱ्यास तीच गाठ जुन्या सुताच्या दोरीवर मारावयास सांगितली. दांडीवर दोन वेढे, त्यांवर एक साधी गाठ, वर आणखी एक. आम्ही व त्याचा मुलगा, दोघांनी मिळून ओढली. गाठ ढळली नाही. बोटांत जीव आहे किंवा नाही हा प्रश्न तेथेच मिटला. तीच बोटे, तीच गाठ. सुतावर धरते, तंगुसावर सरकते. मग दोष कोणाचा?

याचे उत्तर बंदरावरील खुंट देतो. होडी लावताना आपण दोर खुंटाभोवती नुसता टेकवून धरला तर चार माणसांस आवरत नाही. एक वेढा दिला की भार हलका होतो. तीन वेढे दिले की एक पोर टोक धरून उभे राहते. हे बळ पोराचे नव्हे, घर्षणाचे. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात याचा हिशेब मांडला व पुढे आयटेलवाइन या जर्मन अभियंत्याने तो व्यवहारात आणला. त्यातील मर्म असे की, प्रत्येक वेढ्यागणिक पकड वाढते ती बेरजेने नव्हे, गुणाकाराने. घर्षणाचा अंक ०.२ धरला तर एका वेढ्यास पकड साडेतीन पट होते, दोन वेढ्यांस बारा पट, तिसऱ्यास त्रेचाळीस, चौथ्यास दीडशे आणि पाचव्यास पाचशेहून अधिक. आता दोरी अधिक गुळगुळीत घ्या, म्हणजे घर्षणाचा अंक निम्मा, ०.१ धरा. पाच वेढ्यांची पकड अडीचशे पट राहील असे आपणांस वाटेल. ती राहते अवघी तेवीस पट. दोरी दुप्पट गुळगुळीत झाली, आणि पकड वीसपटीहून अधिक घटली. गळाच्या गाठीत वेढे खुंटाभोवती नसून दांडीभोवती किंवा दोरीभोवतीच असतात, त्यामुळे हे आकडे तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. परंतु न्याय तोच. दोन वेढे सुतास पुरतात व नायलॉनास का पुरत नाहीत, हे यावरून उघड व्हावे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असता अॅरिस्टॉटलची चार कारणे आम्हांस पाठ करावी लागली. वस्तू कशाची झाली हे एक कारण, आणि तिला आकार कोणता हे दुसरे. उरलेल्या दोहोंचे येथे प्रयोजन नाही. वर्गात हे फार कोरडे वाटे. परंतु गाठ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. आकार बापाचा, द्रव्य मुलाचे. दोन्ही निर्दोष, आणि त्यांचा मेळ नाही. म्हणून गळ गेले. हे पटल्यावर त्या दोघांचे भांडण निवळले असे म्हणवत नाही. आज ते एकाच होडीवर जातात, बोलणे अद्याप बेताचे आहे. परंतु गाठी दोघेही एकाच पद्धतीने मारतात, आणि बापाच्या गाठी अधिक देखण्या असतात हे मुलानेच आम्हांस सांगितले.

द्रव्य कसे बदलत गेले हे थोडक्यात पाहू. माणसाने गळ वापरण्यास आरंभ केला त्यास किती काळ लोटला असावा? जपानच्या ओकिनावा बेटावरील एका गुहेत समुद्रातील गोगलगाईच्या शिंपल्याचे गळ सापडले. ते सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपल्या देशी लोथल व तिकडे मोहेंजोदडो येथे तांब्याचे गळ मिळाले आहेत. इतक्या जुन्या काळी दोरी कसली होती व गाठ कोणती होती हे कोणी सांगू शकत नाही, कारण शिंपला टिकतो, तांबे टिकते, दोरी कुजते. गळाचा इतिहास आहे, गाठीचा नाही.

आपल्याकडे सूत व ताग यांचा अंमल पिढ्यान्‌पिढ्या चालला. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून, उन्हात वाळवून ती दोरी टिकवावी लागे. ओली झाली की ती फुगे, आणि फुगली की गाठ आपोआप आवळे. म्हणजे समुद्रच कोळ्याची अर्धी गाठ मारून देत असे. युरोपात गळ टाकणारे लोक घोड्याच्या शेपटीचे केस वापरीत. पुढे रेशमाच्या किड्याच्या पोटातील तार ताणून काढीत. स्पेनमधील मुर्सिया प्रांत यासाठी नावाजलेला होता. ती तार कोरडी असता ठिसूळ असे, म्हणून आधी पाण्यात भिजवून मगच बांधीत. मग १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँ यांच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन सिद्ध केले व १९३८ साली ते जगापुढे आले. कोची येथे १९५७ साली केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि कृत्रिम धाग्याची जाळी आपल्या देशात रुजविण्यात तिचा मोठा वाटा आहे. आमच्या आजोबांचे आयुष्य सुतावर गेले, वडिलांचे अर्धे सुतावर व अर्धे नायलॉनावर. आज तंगूसही जुना वाटू लागला आहे. पॉलिएथिलीनची विणलेली बारीक दोरी दुकानांत आली आहे, जी तंगुसाहून कितीतरी बळकट आणि त्याहूनही निसरडी.

नायलॉन कुजत नाही, फुगून गाठ आवळीत नाही, आणि त्याचा स्वभाव ताठ असल्याने वाकविलेले ते पुन्हा सरळ होऊ पाहते. सुताची गाठ विश्रांती घेते. नायलॉनाची गाठ सुटण्याचा यत्न अखंड करीत असते. अमेरिकेतील क्लिफर्ड अॅश्ले या चित्रकाराने १९४४ साली गाठींचा एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यात सुमारे ३,९०० गाठींचे वर्णन आहे. ग्रंथ अपूर्व आहे, परंतु त्यातील ज्ञान मुख्यत्वे ताग, सूत व तत्सम दोरांच्या अनुभवातून आलेले. ज्या वर्षी तो निघाला त्या वर्षी नायलॉन बाजारात नवे होते. एवढ्या थोर पंडिताच्या ग्रंथासही जर नवी दोरी आल्यावर पुरवणी लागते, तर आपल्या वाडवडिलांच्या गाठीस ती लागली यात त्यांचा कमीपणा काय?

आता प्रत्यक्ष गाठींकडे वळू. मागे बसलेल्यांस दिसावे म्हणून आम्ही गळाऐवजी ही छत्री उलटी धरली आहे, आणि दोरीऐवजी घंटेची जुनी दोरी घेतली आहे. छत्रीची मूठ हा गळाचा वाकलेला भाग, काठी ही दांडी. खऱ्या गळास वाकणाच्या टोकाशी अणी व तिच्या आत उलटा काटा असतो, तो येथे मनाने समजून घ्यावा. दांडीच्या वरच्या टोकाचे दोन प्रकार. एकात सुईसारखे नेढे असते. दुसऱ्यात नेढे नसून टोक ठोकून चपटे केलेले असते. गळांच्या क्रमांकांविषयी एक सूचना नवशिक्यांस करावीशी वाटते: १० क्रमांकाहून ५ चा गळ मोठा, ५ हून १ चा मोठा, आणि १ च्या पुढे १/०, २/० असे क्रमांक चढू लागले की तेथून गळ वाढत जातो. ही उलटसुलट गणती ज्याने काढली त्यास व्याकरण शिकविणाऱ्या मास्तरांच्या हाती द्यावयास हवे होते.

पहिली गाठ दांडीवरची. इंग्रजीत हिला स्नेल म्हणतात. चपट्या टोकाच्या गळास हीच लागते, आणि नेढ्याच्या गळासही ही उत्तम. शेकडो गळांच्या दोरावर काम करणाऱ्याने दुसरी कोणती गाठ न शिकता ही एक शिकली तरी चालेल असे आमचे मत आहे. गळास नेढे असल्यास दोरी आधी नेढ्यातून ओवावी. वीतभर दोरी दांडीच्या अंगास लावून खाली वाकणाकडे न्यावी. मोकळे टोक मागे वळवून दांडीच्या बाजूस एक फासा करावा. आता तेच मोकळे टोक घेऊन, दांडी आणि तिच्या अंगास लावलेली दोरी या दोहोंस एकत्र कवेत घेत, फाशाच्या आतून वेढे द्यावयाचे. सुतास दोन पुरत होते. येथे सहा किंवा सात. वेढे एकाशेजारी एक, सैनिकांच्या रांगेसारखे बसावेत. एकावर एक चढला की खालचा कापला जातो. मग मोकळे टोक ओढून वेढे हलके आवळावेत, बोटाने ते वर नेढ्याच्या किंवा चपट्या टोकाच्या अगदी खाली सरकवावेत, आणि शेवटी ताणाची दोरी जोराने ओढावी.

या गाठीत एक बारकावा आहे, आणि तो पुष्कळांच्या हातून सुटतो. ताणाची दोरी चपट्या टोकाच्या कोणत्या अंगाने बाहेर पडते? ती अणीच्या अंगाने पडली पाहिजे. तशी पडली म्हणजे मासा ओढू लागताच दांडी किंचित वळते व अणी माशाच्या ओठात शिरते. पाठीच्या अंगाने पडली तर अणी बाहेर वळू पाहते. गाठ तितकीच पक्की राहील, परंतु मासा कमी लागेल. आणि बांधणारा म्हणेल, आज समुद्रात मासाच नव्हता. या गाठीचा दुसरा गुण असा की ओढ दांडीच्या सरळ रेषेत येते, नेढ्याच्या कडेवर दोरी घासत नाही. नेढ्याची कडा धारदार असेल तर हा गुण लाखमोलाचा.

दुसरी गाठ क्लिंच नावाची. खडपावर बसून एकच गळ टाकणाऱ्यास ही सोईची. दोरी नेढ्यातून ओवून मोकळे टोक ताणाच्या दोरीभोवती पाच वेळा गुंडाळावे. मग ते मागे आणून नेढ्यालगत जो छोटा फासा राहिला आहे त्यातून काढावे, आणि असे काढताना जो मोठा फासा तयार होतो त्यातूनही पुन्हा एकदा काढावे. हे दुसरे काढणे विसरू नये. जुन्या क्लिंचमध्ये ते नव्हते, आणि ती नायलॉनावर सरके. ओढल्यावर वेढे नेढ्यास भिडून पितळेच्या स्प्रिंगसारखे एकसारखे दिसले पाहिजेत. वेडेवाकडे दिसले तर कापून टाकावी व पुन्हा बांधावी. बारीक तंगुसावर ही गाठ छान बसते. जाड तंगुसावर ती नीट आवळतच नाही, आणि विणलेल्या पॉलिएथिलीनवर हिचा भरवसा धरू नये.

त्या निसरड्या दोरीसाठी तिसरी, पालोमार. ही शिकावयास सर्वांत सोपी. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील आठ वर्षांच्या पोरांनी ती दहा मिनिटांत साधली. दोरी दुमडून तो दुहेरी पेड नेढ्यातून ओवावा, दुहेरी दोरीचीच एक साधी सैल गाठ मारावी, पुढे राहिलेला फासा गळावरून पलीकडे नेऊन काढावा आणि आवळावे. नेढ्यात दोरी दुहेरी बसते म्हणून ती चांगली धरते. परंतु अख्खा गळ फाशातून न्यावा लागतो, त्यामुळे दोरी जास्त खर्च होते, आणि तीनशे गळ बांधावयाचे असतील तर तो खर्च व वेळ दोन्ही डोईजड होतात. खडपावरच्या मंडळीने ही खुशाल वापरावी.

गाठ कोणतीही असो, आवळण्यापूर्वी ती ओली करावी. आमचे आजोबा सुताची गाठही थुंकी लावून आवळीत आणि आम्ही कारण विचारले की हसत. नायलॉनाच्या बाबतीत कारण स्पष्ट आहे. दोरी दोरीवर घासली की ऊब निर्माण होते. नायलॉन ऊब लवकर दूर वाहून नेत नाही, ती जागच्या जागी साठते, आणि दोरीचा पृष्ठभाग तेथे विरघळल्यागत होऊन दुबळा पडतो. डोळ्यांस काही दिसत नाही. क्वचित भिंगाखाली दिसावे. गाठ मारणारा समाधानाने घरी जातो आणि दोरी तेथेच तुटते. त्या सतरांपैकी जी चार टोके सरळ तुटलेली होती त्यांचा संशय आम्हांस या कोरड्या आवळण्यावर आहे. त्याखेरीज ती दोरी होडीच्या नाळेवर दोन हंगाम उन्हात पडून होती, आणि ऊन नायलॉनचा मोठा वैरी आहे. तेव्हा गाठ ओली करा, हळूहळू आवळा, हिसका देऊ नका. दोरीची रिळे सावलीत ठेवा.

गाठ मारल्याने दोरीचे बळ काही अंशी घटतेच, हेही सांगून ठेवतो. दोरी जेथे पहिल्या वळणात शिरते तेथे बाहेरच्या अंगास ताण पडतो व आतल्या अंगास चेपण, आणि ती बहुधा तेथेच तुटते. जितके वळण तीव्र, तितके नुकसान अधिक. अनेक वेढ्यांच्या गाठीत ओढ हळूहळू वाटली जाते, म्हणून ती केवळ घट्टच नव्हे तर दोरीशी अधिक दयाळूही असते. वामेच्या दातांपुढे मात्र कोणतीच गाठ उपयोगी नाही. तेथे गळाच्या वर हातभर तार लावावी, एवढेच सांगून तो विषय सोडतो.

बांधून झालेल्या गाठीची परीक्षा जमिनीवरच घ्यावी. भिंतीत एक खिळा मारा, त्यात गळ अडकवा, हातास फडके गुंडाळून दोरी एकसारखी ओढा आणि गाठीकडे पाहत राहा. जी सरकणार ती येथेच थोडी सरकेल. एखाद्या फाट्यावर शंका आली तर तो कापावा. एक वीत दोरीचा लोभ धरू नये.

आता राहिले ते मोकळे टोक. ते गाठीशी अगदी लागून कापू नये, पहिल्या ओढीस गाठ थोडी बसते व टोक आत शिरते. जवसाच्या एका दाण्याइतके ठेवावे. त्याहून लांब ठेवले तर त्यास शेवाळ व कचरा अडकतो. आणि कापलेले तुकडे वाळूत टाकू नयेत. सुताचा तुकडा कुजून मातीस मिळत असे. हा मिळत नाही. भरतीच्या रेषेवर बगळ्यांच्या पायांत गुंतलेला तंगूस आपण सर्वांनी पाहिला आहे. देवळामागील ओट्यावर आम्ही यासाठी एक पत्र्याचा डबा ठेवविला आहे. येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर त्याच ओट्यावर गाठींचा वर्ग बसेल. शिकविणारे आमच्या दारी आलेले ते वडीलच आहेत. मोठे गळ ते आणतील, तंगूस मुलगा आणील. येणाऱ्यांनी आपापली कात्री व घरातील जुने, अणी मोडलेले गळ घेऊन यावे. लहान मुलांस धारेचा गळ हाती मिळणार नाही. त्यांच्यासाठी ही छत्री आहे.